रांचीपूरचा पूर आणि आपण

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं पावसानें असा जोर धरला कीं, दहावीच्या वर्गांतील निम्म्याहून अधिक बाकें रिकामीं राहिलीं. पुढचा पाठ शिकवावा तर न आलेल्या मुलांवर अन्याय, न शिकवावा तर आलेल्यांचा दिवस फुकट. ह्या पेंचांतून सुटण्यासाठीं आम्हीं एक जुना अमेरिकन बोलपट मुलांस दाखविला, आणि मध्यें मध्यें थांबवून त्यांतील संभाषणाचा अर्थ सांगितला. बोलपटाचें नांव ‘दि रेन्स केम’, म्हणजे ‘पाऊस आला’. नांव दिवसास शोभणारें होतें, एवढाच त्या वेळीं आमचा विचार.

पुढच्या आठवड्यांत रोह्याहून एक पालक मुद्दाम भेटावयास आले. भांडण्याचा त्यांचा स्वभाव नाहीं; पण चेहऱ्यावर काळजी दिसत होती. ते म्हणाले, “सर, तुम्ही मुलांना शाळेंत प्रेमाचा सिनेमा दाखवलात म्हणे. त्याला माझी ना नाहीं. पण माझी मुलगी दोन दिवस एकच विचारते आहे, ‘बाबा, ती बाई शेवटीं मेलीच कां?’ आतां ह्याला मी काय उत्तर देऊं?”

आम्हीं त्यांस चहा दिला, इकडच्या तिकडच्या गोष्टी बोललों, आणि निरोप दिला. उत्तर दिलें नाहीं, कारण तें आमच्यापाशीं तयार नव्हतें. मुलीचा प्रश्न मात्र मनांतून गेला नाहीं. ह्या वार्षिक अंकाच्या निमित्तानें त्याचें उत्तर आम्ही येथें देत आहों. तें त्या मुलीसाठीं आहे, तिच्या वडिलांसाठीं आहे, आणि पुढें दिसेल त्याप्रमाणें थोडें आमच्या स्वतःसाठींहि आहे.

प्रथम कथा सांगितली पाहिजे. हा बोलपट १९३९ च्या सप्टेंबरांत, म्हणजे युरोपांत दुसरें महायुद्ध पेटलें त्याच महिन्यांत, प्रसिद्ध झाला. दिग्दर्शक क्लॅरेन्स ब्राउन. स्थळ, हिंदुस्थानांतील रांचीपूर नांवाचें एक संस्थान. तेथें टॉम रॅन्सम नांवाचा एक गृहस्थ चित्रकलेच्या नांवाखालीं आळसांत व मद्यांत दिवस काढीत आहे. घोडे विकत घेण्यासाठीं लॉर्ड एस्केथ नांवाचा एक धनाढ्य उमराव संस्थानांत येतो. बरोबर त्याची पत्नी एड्विना. ही बाई रूपवती, चतुर, आणि सुखानें उबगलेली. संस्थानच्या इस्पितळांतील तरुण डॉक्टर मेजर रामा साफ्ती ह्याच्यावर तिची नजर जाते. प्रथम तो तिचा केवळ खेळ असतो. इतक्यांत पाऊस येतो, भूकंप होतो, धरण फुटतें, शहर पाण्याखालीं जातें, आणि पाठोपाठ रोगाची सांथ येते. लॉर्ड एस्केथ मरतो, वृद्ध महाराज मरतात. एड्विना मात्र पळून जात नाहीं. ती इस्पितळांत जाऊन हलकीं म्हणून समजलीं जाणारीं कामें पत्करते, आणि खेळाचें रूपांतर खऱ्या प्रेमांत होतें. पुढें एकदां थकून गेलेली असतां रोग्यानें नुकताच वापरलेला पेला ती नकळत तोंडास लावते, आजारी पडते आणि मरते. साफ्ती हा गादीचा वारस. तो महाराज होतो. कथा संपते.

आतां हें रांचीपूर कोठें आहे? नकाशांत तें सांपडावयाचें नाहीं. पण तें आपणांस अगदींच परकें नाहीं. ज्या कादंबरीवरून हा बोलपट निघाला ती लुई ब्रॉमफील्ड ह्या अमेरिकन लेखकानें १९३७ मध्यें प्रसिद्ध केली. तो हिंदुस्थानांत येऊन गेला होता, बडोद्यास राहिला होता, आणि बडोद्यावरूनच त्यानें आपलें रांचीपूर उभें केलें. मुंबईचा मलबार हिल त्याच्या मनांत इतका भरला होता कीं, ओहायो प्रांतांत त्यानें जी शेती केली तिला त्यानें ‘मलबार फार्म’ असें नांव दिलें. तें नांव आजहि चालू आहे. बडोद्याचे राजे म्हणजे मराठे. तिसरे सयाजीराव गायकवाड हे नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें ह्या खेड्यांत जन्मलेले, शेतकऱ्याच्या घरचे. १८७५ मध्यें ते दत्तक जाऊन गादीवर बसले. १९०६ मध्यें त्यांनीं आपल्या सर्व राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. १९१३ मध्यें तरुण भीमराव आंबेडकर अमेरिकेस शिकावयास गेले ते त्यांच्याच शिष्यवृत्तीवर. महाराणी चिमणाबाई ह्या १९२७ मध्यें भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा. सयाजीराव १९३९ च्या फेब्रुवारींत वारले, आणि त्यानंतर सातच महिन्यांनीं त्यांच्या राज्यावरून बेतलेलें संस्थान पडद्यावर आलें. अमेरिकेंतील प्रेक्षकांस ही दूरदेशींची प्रेमकथा होती. आपणांस ती शेजारच्या वाड्यांतील आहे. म्हणूनच ती आपण अधिक डोळसपणें पाहिली पाहिजे.

ह्या बोलपटांत चांगलें काय आहे तें आधीं सांगतों, कारण चांगलें पुष्कळ आहे. पुराचीं दृश्यें तर आजहि अंगावर कांटा आणतात. विशेष दृश्यकौशल्यासाठीं अमेरिकन चित्रपट अकादमीनें जें पारितोषिक ठेविलें तें पहिल्यानें, १९४० मध्यें, ह्याच बोलपटास मिळालें. ‘गॉन विथ दि विंड’ व ‘दि विझर्ड ऑफ ऑझ’ हे त्या वेळीं मागें पडले. वृद्ध महाराजांचें काम एच्. बी. वॉर्नर ह्या नटानें केलें आहे. १९२७ च्या ‘दि किंग ऑफ किंग्ज’ ह्या मूकपटांत प्रभु येशूची भूमिका केलेला नट तो हाच, हें आमच्या कांहीं वाचकांस ऐकून आनंद होईल.

परंतु ह्याहून मोठा गुण कथेच्या गाभ्यांत आहे. आजकाल मुलें हातांतल्या यंत्रावर जे प्रेमाचे प्रसंग पाहतात त्यांत प्रेम म्हणजे बहुधा डोळ्यांची भाषा, गाणें आणि सुंदर कपडे. येथें प्रेमाची परीक्षा निराळी आहे. एड्विना सुंदर वस्त्रांत असते तेव्हां तिचें प्रेम खोटें असतें. ती रोग्यांच्या खाटांमधून राबूं लागते तेव्हां तें खरें होतें. ‘माझें मन तुझ्यावर आहे’ हें वाक्य कोणासहि बोलतां येतें. ज्या माणसावर मन आहे त्याच्या कामाचा भार आपल्या खांद्यावर घेणें ही गोष्ट निराळी. विद्यार्थीमित्रहो, ह्या बोलपटांतून तुम्हीं दुसरें कांहीं घेतलें नाहीं आणि एवढेंच घेतलें, तरी तो पावसाळी दिवस वायां गेला असें आम्ही म्हणणार नाहीं.

आणखी एक गोष्ट आम्हां मिशनच्या शाळेंतील माणसांनीं मुद्दाम पाहण्यासारखी आहे. कथेंत मिशनऱ्यांचीं दोन घरें आहेत. एक स्मायली कुटुंबाचें. तें साधें, हंसतमुख आणि कामांत गढलेलें. दुसरें सायमन कुटुंबाचें. तेथील बाईंचें सारें लक्ष बड्या लोकांच्या मेजवान्या व आपल्या मुलीस चांगलें स्थळ कसें मिळेल ह्यांकडे. पूर येतो तेव्हां कोणतें घर लोकांच्या उपयोगी पडतें हें सांगावयास नको. रॅन्समच्या घरीं एक देशी नोकर आहे. त्याचें नांव ‘जॉन दि बॅप्टिस्ट’. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचें नांव घेऊन चहाचें तबक आणणारा तो मनुष्य पाहून वर्गांतील मुलें हंसलीं. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. मिशनच्या कामाची जी स्तुति व जी थट्टा ह्या बोलपटांत आहे, ती दोन्हीं आपण निमूटपणें ऐकून घ्यावीं अशींच आहेत.

येथवर स्तुति झाली. आतां त्या मुलीचा प्रश्न: ती बाई मेलीच कां?

कथेंत दोन जोडपीं आहेत हें मुलांच्या सहज लक्षांत आलें नाहीं. एक एड्विना आणि साफ्ती. दुसरें रॅन्सम आणि सायमनबाईंची मुलगी फर्न. रॅन्सम हा व्यसनी, उतारवयाकडे झुकलेला, कांहीं न करणारा. साफ्ती हा विद्वान, निर्व्यसनी, रोग्यांसाठीं रात्रीचा दिवस करणारा. गुणांवरून न्याय करावयाचा तर कोणाचा संसार आधीं थाटला जावा? परंतु रॅन्समला फर्न मिळते, आणि साफ्तीला सिंहासन मिळतें, सहचारिणी मिळत नाहीं. कारण उघड आहे. पहिलें जोडपें गोरें आहे. दुसऱ्यांत बाई गोरी व पुरुष हिंदी आहे.

हें केवळ कथाकाराच्या मनाचें म्हणणें नव्हतें. १९३४ पासून अमेरिकेंतील चित्रपटांस एक नियमावली कडकपणें लागू झाली होती. गोऱ्या व काळ्या वंशांतील प्रीतिसंबंध दाखविण्यास तींत मनाई होती, आणि व्यवहारांत त्या मनाईची छाया आशियांतील लोकांवरहि पडे. पडद्याबाहेर तरी काय होतें? हॉलिवुड ज्या कॅलिफोर्निया प्रांतांत आहे तेथें गोऱ्यांचा कित्येक इतर वंशांशीं होणारा विवाह १९४८ पर्यंत कायद्यानें निषिद्ध होता. त्या वर्षीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें तो कायदा रद्द ठरविला. अशा प्रकारचे उरलेसुरले कायदे साऱ्या अमेरिकेंतून जावयास १९६७ साल उजाडावें लागलें. विलक्षण गोष्ट ही कीं, साफ्तीचें काम करणारा टायरोन पॉवर आणि एड्विनाचें काम करणारी मर्ना लॉय हीं दोघेंहि अमेरिकेंत जन्मलेलीं गोरींच होतीं. पॉवरच्या चेहऱ्यावर सांवळा रंग चढविला होता एवढेंच. तो रंग धुतला तर त्यांच्या लग्नास कोणाचीच हरकत नव्हती!

म्हणून पेल्यांतलें पाणी आणावें लागलें. ज्या दोघांचें लग्न लावण्याचें धैर्य नाहीं, आणि ज्यांचें प्रेम खोटें म्हणण्यासहि मन घेत नाहीं, त्यांचें काय करावयाचें? एकास मारावयाचें. मरण आलें म्हणजे कोणासच निर्णय द्यावा लागत नाहीं. प्रेक्षक डोळे पुसतो, मनांत हळूच सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि घरीं जातो. हीच कथा १९५५ मध्यें ‘दि रेन्स ऑफ रांचीपूर’ ह्या नांवानें पुन्हां पडद्यावर आली. रिचर्ड बर्टन डॉक्टर झाला, लॅना टर्नर एड्विना झाली. सोळा वर्षांत हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता, गायकवाडांचें राज्य विलीन झालें होतें. ह्या खेपेस एड्विना मरत नाहीं. ती नवऱ्याबरोबर परत जाते. म्हणजे सोळा वर्षांत तिला जीवदान तेवढें मिळालें, साफ्ती मिळाला नाहीं.

कोणी म्हणेल, ती परस्त्री होती, तिचा संसार मोडून दुसरा थाटणें हें काय चांगलें? हा आक्षेप रास्त आहे, आणि विवाहाच्या पावित्र्याविषयीं आमचें मत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. परंतु पहिल्या बोलपटांत लॉर्ड एस्केथ पुरांत मरतो. ती विधवा होते. त्यानंतर उरतो तो केवळ कातडीचा प्रश्न, आणि त्यासच लेखकाजवळ उत्तर नव्हतें.

परंतु वाचकहो, ज्या गोष्टीची कल्पना करण्यास हॉलिवुड धजलें नाहीं, ती प्रत्यक्षांत घडून गेली होती, आणि तीहि आपल्या लोकांत. दोन उदाहरणें देतों.

पहिलें खुद्द त्या बडोद्याच्या वाड्यांतलें. सयाजीराव व चिमणाबाई ह्यांची कन्या इंदिराराजे ह्यांचा वाङ्निश्चय ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांशीं झाला होता. मराठ्यांचीं दोन थोर घराणीं. ह्याहून अनुरूप स्थळ कोणतें? पण १९११ मध्यें त्या तरुण राजकन्येनें तो निश्चय मोडला, आणि १९१३ मध्यें कुचबिहारचे राजपुत्र जितेंद्र ह्यांच्याशीं लंडनमध्यें विवाह केला. कुचबिहारचें घराणें मराठ्यांचें नव्हे, आणि ब्राह्मसमाजाच्या वळणाचें. आईबापांस हें मान्य नव्हतें; ते लग्नास हजर राहिले नाहींत. म्हणजे स्त्रियांच्या उन्नतीसाठीं झटणाऱ्या महाराणीसहि स्वतःच्या घरांतली गोष्ट जड गेली! परंतु दार कायमचें बंद राहिलें नाहीं. इंदिराराजांचीं मुलें बडोद्यास आजोळीं येत, राहत. त्यांपैकीं एक मुलगी म्हणजे पुढें जयपूरच्या महाराणी झालेल्या गायत्रीदेवी. त्यांच्या आत्मवृत्तांत ह्या आजोळाच्या आठवणी आहेत.

दुसरें उदाहरण आपल्याच जिल्ह्यांतलें. चिंतामणराव देशमुख ह्यांचा जन्म १८९६ मध्यें महाडजवळील नाते ह्या गांवीं झाला, आणि रोहेकर त्यांस आपले म्हणून अभिमानानें सांगतात. विलायतेंत जाऊन १९१८ मध्यें ते आय्. सी. एस्. च्या परीक्षेंत पहिले आले. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले हिंदी गव्हर्नर, आणि पुढें स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री. १९५६ मध्यें मुंबईच्या प्रश्नावर त्यांनीं मंत्रिपद सोडलें, हेंहि महाराष्ट्र विसरलेला नाहीं. हें सारें आपण स्पर्धापरीक्षेंसाठीं पाठ करितों. पण त्यांच्या चरित्रांतील एक गोष्ट पाठ करीत नाहीं. १९२० मध्यें इंग्लंडांत त्यांनीं रोझिना नांवाच्या इंग्रज तरुणीशीं विवाह केला. तो संसार त्या बाईंच्या मृत्यूपर्यंत, १९४९ पर्यंत, चालला. म्हणजे कोलाबा जिल्ह्यांतील एक हिंदी तरुण आणि एक गोरी स्त्री हीं विवाह करून एकोणीस वर्षें संसार करीत होतीं, तेव्हां कॅलिफोर्नियांतील लेखक व निर्माते अशा जोडप्याचें काय करावें म्हणून पेल्यांत रोगजंतु मिसळीत होते. हेच चिंतामणराव कालिदासाचें मेघदूत मराठी पद्यांत आणणारे रसिकहि होते. पावसाळ्यांतील प्रेमकथा लिहावयाचीच, तर तिचें खरें साहित्य हॉलिवुडपेक्षां आपल्याकडे अधिक होतें.

आतां आम्ही थोडें घरांतलें बोलणार आहों.

पूर म्हणजे काय हें आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. १९८९ च्या जुलैंत अंबा नदीला जो पूर आला त्यानें जांभूळपाड्याची व नागोठण्याची काय दशा केली, तें वडील माणसांस आठवत असेल. आम्ही त्या वेळीं प्राथमिक शाळेंत होतों. २६ जुलै २००५ चा पाऊस तर पुष्कळ पालकांनीं स्वतः अंगावर घेतलेला आहे. अशा वेळीं आम्हीं एक चमत्कार पाहिला आहे. ज्या आळीच्या हातचें पाणी दुसरी आळी एरवीं टाळते, त्या आळीच्या चुलीवरचा भात सगळ्यांनीं एका पंक्तीस खाल्ला. एकाच खोलींत, एकाच सतरंजीवर, देवघरवाले, मशिदींत जाणारे आणि आम्ही उपासनामंदिरांत जाणारे असे शेजारीं शेजारीं निजलों. कोणी कोणाची जात विचारली नाहीं. मग पाणी ओसरलें, चिखल काढला, भिंती सारवल्या; आणि घरांच्या भिंतींबरोबर त्या दुसऱ्या भिंतीहि पुन्हां उभ्या राहिल्या.

रांचीपूरची कथा हेंच सांगते, पण तिला तें सांगतों आहों हें ठाऊक नाहीं. पुरानें भिंत पडते. मनुष्यानें ती स्वतः पाडण्याचें तेवढें राहून जातें. आणि आपणहि असेच आहों. घरांत मुलानें किंवा मुलीनें दुसऱ्या जातींतील, दुसऱ्या धर्मांतील मनुष्याचें नांव घेतलें कीं आपण ‘हो’ म्हणत नाहीं, आणि ‘नाहीं’ म्हणण्यास सबळ कारणहि आपणांस सांपडत नाहीं. मग आपण वाट पाहतों. बदली होईल, परीक्षा येईल, दुसरें स्थळ येईल, मन उडेल. कांहीं तरी होईल आणि आपणांस निर्णय द्यावा लागणार नाहीं. आपणहि मनांत एखाद्या पेल्याची वाटच पाहत असतों. आम्ही ख्रिस्ती लोक ह्यांतून सुटलों आहों असें कोणी समजूं नये. बाप्तिस्म्याच्या वेळीं सोडलेली जात लग्नाच्या बैठकींत कशी बिनबोभाट येऊन बसते, तें आम्हीं अनेक वेळां पाहिलें आहे.

आणि दुसऱ्यांस कशाला बोल लावावा? कांहीं वर्षांपूर्वीं आमची एक माजी विद्यार्थिनी भेटावयास आली होती. शिक्षण पुरें झालेलें, नोकरी लागलेली, वय चांगलें पंचविशीचें. ज्याच्याशीं लग्न करावयाचें तिनें ठरविलें होतें तो मुलगा सद्गुणी होता, पण दुसऱ्या समाजाचा. वडील ऐकत नव्हते. ती म्हणाली, “सर, बाबा तुम्हांला मानतात. तुम्ही एकदां त्यांच्याशीं बोलाल का?” आम्हीं काय सांगितलें? आम्हीं म्हटलें, “थोडं थांब. काळ जाऊं दे. सगळं आपोआप सुटतं.” हें ज्ञान नव्हतें, ही भीति होती. तिच्या वडिलांचा राग आम्हांस नको होता. ती दोन वर्षें थांबली, आणि मग नोंदणीनें लग्न करून गेली. वडिलांनीं बोलणें सोडलें. सहा वर्षांनीं ते वारले. तोंपर्यंत त्यांनीं आपली नात पाहिली नव्हती. अंत्यविधीच्या दिवशीं ती आमच्याजवळ आली आणि म्हणाली, “सर, तुम्ही बोलला असतां तर कदाचित् त्यांनीं ऐकलं असतं.” तिच्या बोलण्यांत राग नव्हता. राग असता तर बरें झालें असतें.

म्हणूनच त्या पालकांस आम्ही चहा देऊं शकलों, उत्तर देऊं शकलों नाहीं.

पवित्र शास्त्रांतहि परदेशीय स्त्रीची एक कथा आहे. रूथ ही मवाबी. इस्राएल लोकांस मवाबी लोकांचा तिटकारा. ती कथाहि संकटापासूनच सुरू होते. दुष्काळ, स्थलांतर, मरणें. रूथ तरुणपणीं विधवा होते, सासूबरोबर परक्या गांवीं येते, शेतांत सरवा वेंचते, कष्ट करिते. येथपर्यंत तिची व एड्विनाची वाट एकच आहे. पण पुढें कथाकार तिला मारीत नाहीं. बवाज हा प्रतिष्ठित गृहस्थ गांवच्या वेशींत, दहा वडील माणसांस बोलावून, सर्वांच्या देखत तिचा स्वीकार करितो. तिचा पणतू म्हणजे दावीद राजा. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायांत, प्रभूच्या वंशावळींत, ह्या परदेशीय सुनेचें नांव घातलेलें आहे. ती प्राचीन, छोटीशी पोथी जें धैर्यानें सांगते, तें १९३९ च्या लक्षावधि रुपये खर्चून काढलेल्या बोलपटास सांगतां आलें नाहीं. बवाजानें पुराची वाट पाहिली नाहीं. तो वेशींत गेला आणि बोलला.

विद्यार्थ्यांनीं ह्यावरून भलताच अर्थ काढूं नये. तुमचें वय अभ्यासाचें आहे. मुलीस अठरा व मुलास एकवीस वर्षें पुरीं झाल्याखेरीज कायदा लग्नाचें नांव काढूं देत नाहीं, आणि आम्ही तर म्हणूं कीं शिक्षण पुरें होऊन स्वतःच्या पायांवर उभें राहिल्याखेरीज तुम्हींहि काढूं नये. ज्या प्रेमास दोन वर्षें थांबतां येत नाहीं, ज्यास आईबापांसमोर उभें राहून बोलतां येत नाहीं, तें एड्विनाच्या पहिल्या अर्ध्या कथेंतलें प्रेम होय. दुसऱ्या अर्ध्या कथेंतलें प्रेम राबतें, सोसतें, आणि लपत नाहीं.

आणि रोह्याचे ते पालक, त्यांस आमचें उत्तर असें. आपल्या मुलीस सांगा: ती बाई रोगानें मेली नाहीं. तिला मारल्यावांचून कथा संपवावी कशी हें कथा रचणाऱ्यांस सुचलें नाहीं, म्हणून ती मेली. आणि मग, जमल्यास, एवढें आणखी सांगा कीं, ‘आपल्या घरांत असा प्रश्न कधीं आला, तर तुझे बाबा पुराची वाट पाहणार नाहींत. ते होय म्हणतील किंवा नाहीं म्हणतील, पण तुझ्यासमोर बसून म्हणतील, तुझें ऐकून घेऊन म्हणतील, आणि नाहीं म्हटलें तरी दार लावून घेणार नाहींत.’

हें सांगणें सोपें नाहीं. आम्हांस तें एकदां साधलें नाहीं. पण पुढचा पावसाळा येईल, कुंडलिकेला व भोगावतीला पाणी चढेल, आणि त्या मुलीसारखे प्रश्न विचारणारीं मुलें पुन्हां आमच्या बाकांवर बसलेलीं असतील. त्या वेळीं कोणीं आमच्याकडे येऊन “सर, तुम्ही बाबांशीं बोलाल का?” असें म्हटलें, तर आम्ही छत्री घेऊन तिच्याबरोबर निघूं, एवढें ह्या अंकांत लिहून ठेवितों.